काळ्या मशीनवर होजियरीची निकर

मागच्या पावसाळ्यात आमच्या शिवणवर्गात एक आठवीतली मुलगी आईसोबत यायची. चालताना तिला त्रास व्हायचा. आईला वाटलं, काहीतरी लागलं असेल. खोलात विचारलं तेव्हा कळलं की जांघेत दोन्ही बाजूंना नायटा पसरला होता. पोरीकडे निकर तीन. तिन्ही बाजारातल्या, गुळगुळीत, नायलॉनसारख्या कापडाच्या. आठ दिवस ऊन नाही, घरात दोरी एकच, आणि त्या दोरीवर निकर टॉवेलच्या खाली लपवून वाळत घातलेली. ती वाळायची कुठून? ओलसरच अंगावर चढायची आणि पोर शाळेत जायची. शेवटी शाळाच आठवडाभर बुडली.

त्या माऊलीला दोष देऊन काय उपयोग? घरखर्चाच्या यादीत बाईची आणि मुलीची आतली कपडे सगळ्यात खाली असतात. नवऱ्याचं बनियन येतं, मुलाचं दप्तर येतं, आपलं "पुढच्या महिन्यात बघू". आणि तोपर्यंत इलॅस्टिक सुटलेली, मधे भोक पडलेली निकर पिन लावून चालवायची. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधाचं नाव सांगण्याऐवजी शिवणकाम शिकवणार आहे. आपल्या वस्तीत बऱ्याच घरांत ते काळं, सोनेरी वेलबुट्टीचं मशीन आहे. उषा असेल, मेरिट असेल, कुणाकडे सासूबाईंच्या काळातलं सिंगर असेल. त्यावर ब्लाऊज शिवता, परकर शिवता, मग निकर का नाही? "बाई, ते होजियरीचं कापड आपल्या मशीनवर चालत नाही," हे उत्तर मला दर वेळी मिळतं. चालतं. फक्त त्याची रीत वेगळी आहे.

आधी कापड समजून घ्या. साडीचं, परकराचं कापड म्हणजे उभे-आडवे धागे एकमेकांतून गेलेले. ते ताणत नाही. होजियरी म्हणजे स्वेटर विणतो तसे एकात एक अडकवलेले बारीक फास. फास लांब होतो, पुन्हा जागेवर येतो, म्हणून ते कापड ताणतं. अंगाला बसतं, पण आवळत नाही, आणि सुती असेल तर घाम टिपून घेतं. आपल्याकडे येणारं असं बरंचसं कापड तामिळनाडूतल्या तिरुप्पूरचं असतं. मुंबईत मंगळदास मार्केटच्या बाजूला, नागपूरला गांधीबागेत, आणि बहुतेक तालुक्याच्या बाजारात कटपीसवाल्याकडे "बनियनचं सुती कापड" म्हणून मागा. ते अनेकदा किलोवर मिळतं. मध्यम जाडीचं, साठ इंची पन्ह्याचं कापड एका किलोत साडेतीन मीटरच्या आसपास बसतं. एका मीटरमधून मोठ्या बाईच्या तीन निकर नक्की निघतात, नीट मांडलं तर चार. म्हणजे किलोभर कापडात दहा-बारा. दुकानात एका निकरला काय मोजता ते आठवा आणि हिशेब तुम्हीच करा.

पैसे नसतील तर जुने टी-शर्ट, बनियन चालतात. पण सुतीच हवेत. शाळेच्या खेळाचे, पक्षाच्या प्रचारात वाटलेले चकचकीत टी-शर्ट घेऊ नका, ते पॉलिस्टरचे असतात. शंका असेल तर शिवणीतून एक-दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गाठ होते. हे मोरीत, पाण्याजवळ करा. पोरांना देऊ नका.

कापड कापण्याआधी एकदा भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. होजियरी लांबीत आटते. न धुता शिवलेली निकर पहिल्या धुण्यानंतर मुलीच्या मापाची होते, हे मी स्वतः करून बसले आहे. आणि हे कापड कापलं की कडेला गुंडाळी होते, मशीनखाली धरता धरत नाही. त्याला आपल्या घरातलाच उपाय आहे: तांदळाची पातळ खळ. पेजेत पाणी घालून गाळून घ्या, कापड त्यात बुडवा, पिळून वाळवा, हलकी इस्त्री फिरवा. कापड कागदासारखं बसतं, कापायला सोपं, शिवायला सोपं. शिवून झालं की धुतलं की खळ निघून जाते.

आता मशीन. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुई, आणि तिथेच बायका चुकतात. मी पहिली निकर शिवली ती मशीनमध्ये आधीपासून असलेल्या अठरा नंबरच्या जाड टोकदार सुईने. शिवताना छान दिसली. दोन धुण्यांत शिवणीच्या कडेने बारीक भोकं पडली आणि एकेका भोकातून शिडीसारखी ओळ खाली उतरत गेली. कारण टोकदार सुई होजियरीचे फास कापते. एक फास तुटला की पुढचे सुटत जातात. त्यासाठी गोल टोकाची सुई मिळते, दुकानात "बॉल पॉइंट" म्हणून मागा, नंबर अकरा किंवा चौदा. तिचं टोक फासाला बाजूला सारून आत जातं, कापत नाही. दुकानात जाताना आपल्या मशीनची जुनी सुई कागदात गुंडाळून सोबत न्या. काही मशीनच्या सुईचं वरचं बूड एका बाजूने सपाट असतं, काहींचं पूर्ण गोल असतं. आपल्याच जातीची सुई हवी. जुनी सुई काढण्यापूर्वी ती कशी बसवलेली आहे ते नीट बघून ठेवा. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली तर एकही टाका धरत नाही आणि आपण उगाच मशीनला शिव्या घालतो.

दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा ताणला की तुटतो. वरही आणि बॉबिनमध्येही तोच.

मग कापड दाबणारा जो पाय आहे, त्याच्या दांड्याच्या वर, मशीनच्या डाव्या टोकाला एक गोल फिरकी असते. बहुतेकींनी ती आयुष्यात हलवलेली नसते. ती थोडी ढिली करा. दाब जास्त असला की होजियरी पुढे ढकलली जाते आणि शिवण लाटेसारखी वर-खाली होते. टाका बारीक ठेवा, इंचाला बारा ते चौदा. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित कमी करा. आणि एका चिंधीवर शिवून बघा. शिवलेली चिंधी दोन्ही हातांनी ताणा. दोरा तटकन तुटला तर टाका आणखी बारीक करा, ताण आणखी कमी करा, आणि शिवताना कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी थोडंसं ताणून धरा. थोडंसंच. ओढून शिवलं तर सुई वाकते. टाके मधेच गळत असतील तर दोष जवळजवळ नेहमी सुईचाच असतो. सुरुवातीला कापड दात्यांच्या भोकात ओढलं जात असेल तर खाली वहीच्या कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

आता खरी युक्ती. कारखान्यात निकर ज्या मशीनवर शिवतात ते वाकडातिकडा, ताणणारा टाका घालतं. आपलं काळं मशीन फक्त सरळ टाका घालतं, आणि सरळ टाका फारसा ताणत नाही. मग करायचं काय? टाक्याला ताणायची वेळच येऊ द्यायची नाही. निकरची कंबर कमरेच्या मापाने कापायची नाही, ढुंगणाच्या मापाने कापायची, म्हणजे चढवताना शिवण ओढली जात नाही. मग नेफा करून त्यात इलॅस्टिक घालायचं, ते कंबरेला चुण्या घालून धरतं. परकराला नाडी घालतो तोच नेफा. मांडीच्या भोकालाही तसंच. अशी निकर बाजारातल्यासारखी चापूनचोपून बसत नाही, थोडी चुणीदार दिसते. पण साडीखाली, पंजाबीखाली कोण बघतंय? हवा मात्र खेळते. आणि इलॅस्टिक नेफ्याच्या आत असल्याने त्याचं रबर कातडीला लागत नाही. ज्यांना कंबरेला इलॅस्टिकचा काळा पट्टा पडतो, पुरळ उठतं, त्यांना हा फरक लगेच जाणवेल.

माप असं. ढुंगण छत्तीस इंच असलेल्या बाईसाठी सांगते, आपापल्या मापाने कमी-जास्त करा. घरात अंगाला नीट बसणारी एखादी जुनी निकर असेल तर ती उसवून, कागदावर ठेवून ताडून पाहा, म्हणजे अंदाज चुकत नाही. पुढचा तुकडा आणि मागचा तुकडा, दोन्ही एकोणीस इंच रुंद, म्हणजे अठरा इंच आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीला. कापड ताणतं ती बाजू अंगाभोवती गोल आली पाहिजे, उभी नाही. हे चुकलं तर निकर चढणारच नाही. बाजूची उंची दोन्हीकडे आठ इंच, त्यातला एक इंच नेफ्याला. मधोमध पुढचा तुकडा अकरा इंच लांब आणि खाली चार इंच रुंद. मागचा तुकडा मधोमध तेरा इंच लांब आणि खाली पाच इंच रुंद. बाजूच्या खालच्या टोकापासून मधल्या तुकड्यापर्यंत मांडीची गोलाई काढा. पुढची गोलाई जरा आत खोल घ्या, मागची कमी, नाहीतर बसताना निकर मागून वर चढते.

मधे जोडायची मियानी. सलवारीच्या दोन पायांमध्ये लावतो तीच. लांबी साडेसहा इंच, एका टोकाला चार इंच रुंद, दुसऱ्या टोकाला पाच. हिचे दोन तुकडे कापा, कारण ती दुहेरी असते. इथे कापडाची काटकसर करू नका. टी-शर्टचं कापड कमी पडलं तर मागचा तुकडा दोन भागांत जोडा, पण मियानी अखंड, मऊ आणि सुतीच हवी. आतला तुकडा पांढरा किंवा फिकट ठेवा. स्रावाचा रंग बदलला, रक्ताचा डाग दिसला तर तो लवकर लक्षात येतो. काळ्या निकरमध्ये कितीतरी गोष्टी महिनोन्‌महिने लपून राहतात.

मियानीचं चार इंची टोक पुढच्या तुकड्याला लागतं. पुढचा तुकडा दोन मियान्यांच्या मधे ठेवा, तिन्ही कडा जुळवा आणि पाव इंचावर शिवा. मियान्या खाली पाडल्या की शिवण आत दडते. मागच्या बाजूला थोडी गंमत आहे. मागच्या तुकड्याची सुलट बाजू बाहेरच्या मियानीच्या सुलट बाजूवर ठेवा. आता पुढचा आणि मागचा तुकडा पोळीच्या गुंडाळीसारखे मधे गुंडाळा, आतली मियानी खालून फिरवून त्या गुंडाळीवर आणा आणि तिची कड त्या दोन कडांना जुळवून शिवा. मग बाजूच्या उघड्या तोंडातून गुंडाळी ओढून बाहेर काढा. दोन्ही शिवणी मियानीच्या पोटात जातात, कातडीला काही घासत नाही. पहिल्यांदा डोकं चक्रावतं. वर्गात निम्म्या बायकांची गुंडाळी शिवणीत अडकली होती आणि हसून हसून पुरेवाट झाली. नाहीच जमलं तर आतल्या मियानीची कड दुमडून हाताने बारीक टाके घाला, तेही चालेल.

बाजू जोडण्याआधीच मांडीच्या कडा करून घ्या, कारण आत्ता कापड सपाट आहे. कड अर्धा इंच आत दुमडा आणि कापड किंचित ताणून शिवा. एकदाच दुमडायची. होजियरीच्या कडेचे धागे परकरासारखे सुटत नाहीत, त्यामुळे दोनदा दुमडून जाड करायची गरज नाही. सेफ्टी पिनेने पाव इंची इलॅस्टिक ओवा आणि दोन्ही टोकं कडेला शिवून टाका. मांडीच्या मुळाशी टेपने माप घ्या, त्यापेक्षा दोन इंच कमी इलॅस्टिक पुरे. मग दोन्ही बाजू जोडा, दोन ओळी शिवा, एकमेकींपासून दाण्याएवढ्या अंतरावर. शेवटी कमरेचा नेफा, त्यात अर्धा किंवा पाऊण इंची इलॅस्टिक, कमरेच्या मापापेक्षा तीन-चार इंच कमी. उठताना-बसताना दोन बोटं आरामात आत गेली पाहिजेत. निकर काढल्यावर कंबरेला खोल वळ दिसत असेल तर इलॅस्टिक आवळ आहे, ते बदला. गरोदर बाईसाठी पुढची उंची तीन-चार इंच वाढवा आणि इलॅस्टिक पोटाच्या वरून जाऊ द्या, किंवा पोटाखालून जाईल इतकी पुढून कमी करा. ज्याने तिला बरं वाटेल ते.

पाळीच्या दिवसांसाठी दोन निकर वेगळ्या ठेवा आणि त्यांची मियानी इंच-दीड इंच लांब कापा. मांडीचा नेफा दुमडल्यावर मियानी मधे तीन इंचांच्या आसपास उरते, त्यावर पॅड किंवा घडी नीट बसते, सरकत नाही. होजियरीच्या उरलेल्या चिंध्या फेकू नका. धुऊन, कडक उन्हात वाळवून त्यांच्या घड्या करता येतात. त्या ओल्या होताच बदला आणि वापरानंतर लगेच गार पाण्यात धुवा. गरम पाण्यात रक्ताचा डाग बसतो.

आता निकर शिवली, पण ती वाळवायची कशी, हा आपल्या वस्तीतला खरा प्रश्न. चाळीत दोरी सगळ्यांसमोर असते, म्हणून निकर साडीच्या पदराखाली, खाटेच्या मागे, मोरीच्या खुंटीवर जाते. ओल आणि अंधार, नायट्याच्या बुरशीला अगदी हेच हवं असतं. ज्या मुलीची गोष्ट वर सांगितली, तिच्या आईला आम्ही एवढंच सांगितलं की दुपारी अकरा ते तीन कपडे पूर्ण उन्हात, उलटी करून, मियानी वर येईल अशी घाल. लाज वाटते तर वर एक विरळ ओढणी टाक, पण टॉवेल नको. आमच्या गल्लीत काही बायकांनी मिळून गच्चीवर एक दोरी फक्त बायकांच्या कपड्यांसाठी बांधली. पहिले चार दिवस कुजबुज झाली, नंतर कुणी बघतही नाही. पावसाळ्यात ऊन नसेल तर वारा लागेल अशा जागी वाळवा आणि घालण्याआधी गरम इस्त्री फिरवा, मियानीवर आणि नेफ्यावर जास्त. सुती होजियरीला इस्त्री सोसते. इलॅस्टिकवर मात्र इस्त्री दाबून धरू नका.

साबण लावा, पण तो पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्या. राहिलेल्या साबणानेही खाज सुटते. पाण्यात जंतुनाशक औषध टाकायची गरज नाही, नाजूक कातडीला ते झोंबतं. घरात कुणाला नायटा असेल तर त्याची निकर, टॉवेल, चादर वेगळी धुवा. एकमेकींच्या निकर घालू नका, बहिणी-बहिणींनीही. रात्री झोपताना निकर काढून सैल परकर किंवा गाऊन घातला तर कातडीला तेवढीच हवा मिळते.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. सुती निकर घातली की नायटा बरा होतो, असं नाही. निकर त्याला पोसणारी ओल कमी करते, बरं औषधच करतं. मेडिकलच्या दुकानातून "खाजेचं मलम" आणून लावू नका. अशा बऱ्याच मलमांत स्टिरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, लाली जाते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते. मग साध्या औषधानेही नायटा लवकर हटत नाही. त्या मुलीच्या आईनेही असंच एक मलम तीन आठवडे लावलं होतं. जांघेत, ढुंगणावर गोल चट्टे असतील, दह्यासारखा पांढरा किंवा वास येणारा स्राव असेल, लघवीला आग होत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. सांगायला अवघड वाटत असेल तर आशाताईंना सोबत न्या. डॉक्टरने जितके आठवडे औषध सांगितलं तितके आठवडे घ्या, खाज थांबली म्हणून मधेच सोडू नका.

मशीनकडेही लक्ष द्या. होजियरीचा कापूस दात्यांखाली आणि बॉबिनच्या घरात साठतो, आणि मग मशीन जड चालतं. दोन-तीन निकर शिवल्या की जुन्या ब्रशने तो काढा, मशीनचंच तेल एकेक थेंब घाला. खोबरेल किंवा गोडं तेल अजिबात नको, ते सुकून चिकट होतं आणि मशीन जाम होतं. तेल घातल्यावर एका चिंधीवर थोडं शिवून मगच निकर घ्या, नाहीतर पहिला डाग मियानीवर पडतो. नंतर परकर-ब्लाऊज शिवताना पुन्हा नेहमीची टोकदार सुई लावायला आणि वरची फिरकी घट्ट करायला विसरू नका.

मुलींना शिकवताना कमरेच्या नेफ्याचं तोंड, जिथून इलॅस्टिक ओवलं, ते मशीनने बंद करू देऊ नका. दीड इंचाचं ते तोंड हाताने, साध्या धावदोऱ्याने शिवा. कापड अजून चांगलं असताना इलॅस्टिक सैल पडतं. तेव्हा तेवढे टाके उसवून जुनं इलॅस्टिक ओढून काढायचं, त्याच्याच टोकाला नवीन बांधून आत न्यायचं, की निकर पुन्हा वापरात येते.